पाणी माणशी वाटायचं: समन्यायी वाटपाची पार्श्वभूमी

पाऊस ओढ देतो त्या वर्षी ऑक्टोबर आला की जायकवाडीचा प्रश्न पेटतो. नगर-नाशिककडच्या धरणांतून पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पाणी सोडायचं का आणि किती, यावर आंदोलनं होतात, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत जातं. वादाच्या मुळाशी असतं २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं कलम १२(६)(ग). ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतल्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहावी, म्हणजे टंचाईची झळ सगळ्यांना सारखी बसेल, असा त्याचा आशय आहे. कायद्यात हे यायच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी समन्यायी वाटप करून दाखवलं होतं, आणि तेही कायद्यापेक्षा अधिक न्यायाने.

१९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरत होते. पुरंदर पर्जन्यछायेतला तालुका. दुष्काळी कामांवर हजारो माणसं खडी फोडत होती, आणि दुष्काळ सरल्यावर त्यांच्या शिवारात पाणी थांबेल असं फारसं काही मागे उरत नव्हतं. साळुंख्यांनी नायगावात देवस्थानची चाळीसेक एकर माळरानाची जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खोदली. माळावर पिकं उभी राहिली, तेव्हा शेजारच्या गावांनीही पाणी मागितलं. ग्राम गौरव प्रतिष्ठान उभं राहिलं आणि त्यातून पाणी पंचायत.

पंचायतीचे नियम आजही धाडसी वाटतात. पाणी मिळायचं ते घरातली माणसं मोजून: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. मग कुणाची जमीन वीस एकर का असेना. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला नव्हता. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नसे, ते पंचायतीकडे परत यायचं. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्यालाही वाटा होता. उसासारख्या बारमाही पिकांना बंदी होती. उपसा योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उभा करायचा, आणि पाळीप्रमाणे पाणी द्यायला गावानेच पाटकरी नेमायचा.

सगळ्यांत अवघड होती ती ऊसबंदी. पलीकडे नीरेच्या कालव्यांवर इंग्रजांच्या काळापासून ऊस वाढला होता, साखर कारखाने उभे होते, उसाबरोबर पैसा आणि राजकारणही आलं होतं. तो हिरवा पट्टा डोळ्यांसमोर असताना कोरडवाहू शेतकऱ्याने आपणहून ऊस नाकारला, कारण एकाच्या उसात अनेकांची ज्वारी बुडते हे त्याला कळत होतं. या निर्णयाचं मोल आपण फार कमी ओळखलं आहे.

पाणी एकत्र बसून वाटायची रीत महाराष्ट्राला परकी नव्हतीच. खानदेशात पांझरा नदीवर आणि नाशिककडे मोसमवर फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. फड म्हणजे एकत्र पाणी घेणाऱ्या शेतांचा पट्टा. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि टंचाईच्या साली काही फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचे. पण तिथेही वाटेकरी जमीनवालाच असे. पाणी पंचायतीने ती चौकट मोडली.

पुढे सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात कष्टकऱ्यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीने हाच धागा धरला. येरळा नदीची वाळू बेसुमार उपसली जात होती. तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी वाळूवर आपला हक्क सांगितला, थोडी वाळू विकून पैसा उभा केला आणि बळीराजा धरण बांधलं. भूमिहीनांना पाण्याचा वाटा तिथेही ठरला होता.

२००२ साली विलासराव गेले. तीन वर्षांनी कायदा आला आणि त्यात ‘समन्यायी’ हा शब्दही आला, पण माणूस गळाला. कायद्यात पाण्याचा कोटा लाभक्षेत्रातल्या, म्हणजे धरणाचं पाणी पोचतं त्या भागातल्या, जमीनधारकाला, तोही जमिनीच्या हिशेबाने. टंचाईत प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो एक एकर भिजेल इतकं पाणी द्यावं, एवढीच मेहेरबानी. आता पावसाचे खंड लांबतात आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. अशा वर्षी खोल बोअर मारण्याची ऐपत असलेला तगतो. पीक गेलं की मजुराचा रोजगार आधी बुडतो, आणि धरणांच्या टक्केवारीवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मागण्यांत त्याच्या वाट्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.