रोमन वधस्तंभ आणि नवा करार

वधस्तंभ म्हणजेच क्रूस, ही रोमन साम्राज्यातली सगळ्यात बदनाम देहदंडाची पद्धत. माणसाला लाकडाला बांधायचं किंवा खिळे ठोकून टांगायचं आणि जीव जाईपर्यंत तसंच सोडून द्यायचं. ही काही रोमनांच्या डोक्यातून निघालेली नाही, इराण्यांकडे आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजवाल्यांकडे तसले प्रकार आधीपासून होते, पण रोमनांनी ती इतकी वापरली की ती त्यांच्याच नावावर जमा झाली. आज क्रूस म्हटलं की चर्च, गळ्यातली चेन, फारतर कबर डोळ्यासमोर येते. त्यामुळे नवा करार, म्हणजे बायबलचा येशूच्या गोष्टीपासून सुरू होणारा भाग, वाचताना आपलं सगळं लक्ष वेदनेवर जातं. त्या काळच्या वाचकाला मात्र पहिल्यांदा दिसायची ती बेअब्रू.

रोममध्ये गुन्हा काय केला ह्याच्याइतकंच तू कोण आहेस ह्यावर मरण ठरायचं. नागरिकाचं बहुतेक वेळा तलवारीने मुंडकं उडवायचे, झटपट काम. बापाला मारणाऱ्याला चामड्याच्या पोत्यात साप, कुत्रा, कोंबडा, माकड यांच्यासोबत शिवून पाण्यात टाकायचे (हे सगळे प्राणी दरवेळी कुठून गोळा करत असतील देव जाणे). कुणाला रिंगणात जनावरांपुढे सोडायचे. आणि वधस्तंभ ठेवलेला गुलामांसाठी, चाच्यांसाठी, बंडखोरांसाठी. म्हणूनच ख्रिस्ती परंपरेत सुरुवातीचा प्रचारक पौल, जो रोमन नागरिक होता, त्याचा शिरच्छेद झाला असं सांगतात आणि येशूचा शिष्य, गालीलातला कोळी पेत्र वधस्तंभावर गेला, तोही उलटा. उलटं टांगणं ही नुसती दंतकथेतली कल्पना नाही, रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने अशी टांगलेली माणसं पाहिल्याचं लिहून ठेवलंय.

सिसिलीचा गव्हर्नर वेरेस याने गावियस नावाच्या रोमन नागरिकाला मेस्सिनात वधस्तंभावर चढवलं, आणि मुद्दाम अशा जागी की मरताना त्याला समुद्रापलीकडे इटली दिसावी. इ.स.पू. ७० मध्ये रोमन वक्ता सिसेरोने वेरेसवर खटला चालवला त्यात ह्या प्रकारावर तो तुटून पडला. नंतर इ.स.पू. ६३ च्या एका भाषणात तर तो म्हणाला की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या डोळ्यांपासून, कानांपासून, विचारांपासून लांब राहिला पाहिजे. गुलामांबद्दल त्याला असं काही वाटलं नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रत्यक्ष काम कसं चालायचं? आधी फटके. मग आडवं लाकूड, ज्याला पातिबुलुम म्हणायचे, ते कैद्याच्या खांद्यावर द्यायचं आणि गर्दीतून चालवत न्यायचं, उभा खांब बहुतेक वेळा जागेवर रोवलेलाच असायचा. सोबत गुन्ह्याची पाटी. तिथे कपडे काढून घ्यायचे, सिनेमात दिसतं ते कमरेचं फडकं ही बरीचशी चित्रकारांची कृपा. नेपल्सजवळच्या पुतेओलीत एक शिलालेख सापडलाय, त्यावरून कळतं की गावातल्या प्रेतांची विल्हेवाट लावणाऱ्या ठेकेदाराकडेच ह्या शिक्षेचंही कंत्राट असायचं. एखाद्या मालकाला आपल्या गुलामाला खाजगीत ही शिक्षा द्यायची असेल तर लाकडं, दोर, फटके मारणारी माणसं सगळं ठेकेदाराने पुरवायचं आणि प्रत्येक कामगारामागे चार सेस्टर्सचा (रोमन नाणं) रेट ठरलेला. म्हणजे राक्षसी क्रौर्य वगैरे आपण म्हणतो, पण तिथे ते नगरपालिकेच्या टेंडरसारखं चाललेलं.

पुरावा म्हणून हाडं मात्र फार थोडी मिळालीत, कारण प्रेतं बऱ्याचदा गिधाडा-कुत्र्यांनाच जायची. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेला बांधकाम चालू असताना पहिल्या शतकातली एक दगडी अस्थिपेटी निघाली, तिच्यावर यहोहानान हे नाव कोरलेलं, आणि आत टाचेच्या हाडात आडवा घुसलेला साडेअकरा सेंटीमीटरचा लोखंडी खिळा. खिळ्याचं टोक वाकलेलं होतं, त्यामुळे तो निघाला नसणार आणि घरच्यांनी हाडासकट पुरला. खिळा बाजूने गेलाय, म्हणजे पाय खांबाच्या दोन्ही बाजूंना ठोकले असावेत, चित्रात असतात तसे पुढे एकावर एक नाही. अरिमथाईकर योसेफाने पुरण्यासाठी येशूचं शरीर मागून घेतलं ही नव्या करारातली गोष्ट अशक्य कोटीतली नाही हेही ह्यावरून दिसतं, काही जणांना कबर मिळत होती. असाच खिळा असलेलं टाचेचं हाड २०१७ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिजशायरमध्ये पण मिळालं.

ही शिक्षा म्हणजे रस्त्यावरची जाहिरात होती. स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर इ.स.पू. ७१ मध्ये रोमन सेनापती क्रॅससने कापुआ ते रोम ह्या आप्पियन रस्त्याच्या कडेने ६,००० गुलाम टांगले. इ.स. ७० च्या जेरुसलेमच्या वेढ्यात रोज पाचशेच्या आसपास माणसं चढवली जात होती, सैनिक गंमत म्हणून वेगवेगळ्या पोझमध्ये ठोकत होते आणि शेवटी क्रूसांना जागा पुरेना, असं त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो. त्याने ओळखीचे तिघे टांगलेले पाहिले, रोमन सेनापती टायटसकडे रडून त्यांना खाली उतरवलं, उपचार केले, तरी दोघे मेलेच, एकच वाचला.

हे डोक्यात ठेवून शुभवर्तमानं, म्हणजे नव्या करारातली येशूची चरित्रं, वाचली की पहिली नवलाची गोष्ट म्हणजे ती खिळे ठोकण्याचं वर्णनच करत नाहीत. त्यातलं एक लिहिणारा मार्क एका छोट्या वाक्यात उरकतो, कारण वाचकांना ते माहीत होतं. त्याला सांगायचंय ते थट्टेचं, जांभळा झगा, काट्यांचा मुकुट, येणाऱ्याजाणाऱ्यांचे टोमणे. कुरेनेकर शिमोनाला रस्त्यात पकडून लाकूड वाहायला लावलं, चार सैनिकांनी कपडे वाटून घेतले, तीन भाषांतली पाटी लावली, सोबतच्या दोघांचे पाय तोडले, हे सगळं रोमन पद्धतीत चपखल बसतं. येशू सहा तासांत गेला म्हणून पिलाताला, म्हणजे तिथल्या रोमन प्रीफेक्टला (सुभेदाराला), आश्चर्य वाटलं असं मार्क म्हणतो, आणि ते बरोबरच आहे, काही लोक दिवसच्या दिवस तग धरायचे. पाटीवर ‘यहुद्यांचा राजा’ लिहिलं होतं, म्हणजे आरोप राजद्रोहाचा, हुकूम रोमन प्रीफेक्टचा आणि हातोडा रोमन सैनिकाचा. तरी पुढे शतकानुशतकं सगळा दोष सरसकट यहुद्यांच्या माथी मारला गेला आणि त्याची किंमत त्यांनी जिवानिशी मोजली.

यहुदी वाचकाला आणखी एक अडचण होती. झाडावर टांगलेला माणूस देवाने शापित, असं जुन्या करारातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक (२१:२३) सांगतं, मग असा मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, कसा चालेल? पौल ही अडचण टाळत नाही, गलतीकरांना लिहिताना तोच श्लोक घेऊन म्हणतो की तो शाप ख्रिस्ताने आपल्यासाठी स्वतःवर घेतला. करिंथकरांना तर तो सरळ कबूल करतो की हा संदेश यहुद्यांना अडखळण आणि इतरांना मूर्खपणा वाटतो. माझ्या मते सगळ्यात धारदार जागा फिलिप्पैकरांच्या पत्रात आहे: त्याने दासाचं रूप घेतलं आणि मरण सोसलं, तेही वधस्तंभावरचं. फिलिप्पै ही रोमन वसाहत, तिथल्या लोकांना दास आणि वधस्तंभ ही जोडी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि त्याच वाक्यापुढे ‘म्हणून देवाने त्याला अत्युच्च केलं’ असं आलं की रोमन प्रतिष्ठेची अख्खी शिडीच उलटी होते. आपला वधस्तंभ उचलून माझ्या मागे ये, हे येशूचं वाक्यही ह्याच अर्थाने ऐकायला हवं. घरातली कटकट सोसणं एवढाच त्याचा अर्थ लावणं म्हणजे फारच स्वस्तात सुटणं झालं.

बाहेरच्यांना हे किती हास्यास्पद वाटत होतं त्याचा नमुना रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ मध्ये सापडला. साधारण इ.स. २०० च्या सुमाराचं भिंतीवर ओरखडलेलं चित्र, क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, शेजारी हात वर केलेला एक पोरगा आणि खाली ‘अलेक्सामेनोस देवाला पुजतोय’. ख्रिस्ती लोकांनी स्वतः हे दृश्य उघडपणे कोरायला पाचवं शतक उजाडलं, रोमच्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दारावरचं कोरीवकाम त्यातलं सुरुवातीचं. त्याआधी चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ही शिक्षा बंद केली होती, म्हणजे खरी टांगलेली माणसं दिसेनाशी झाल्यावरच क्रूस मिरवायची वस्तू झाला. आपल्याकडे मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर गल्लोगल्ली रोगापासून रक्षण म्हणून क्रूस उभे राहिले, त्यातले कितीतरी अजून आहेत आणि मे महिन्यात लोक तिथे जमून प्रार्थना म्हणतात.