डीबीटी कौशल्यगट

डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, मानसोपचाराची एक पद्धत. तिच्यात आठवड्यातून एकदा जो क्लास भरतो त्याला कौशल्यगट किंवा सरळ स्किल्स ग्रुप म्हणतात, ही नोंद त्या क्लासची. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनेहान यांनी साधारण १९८० च्या दशकात ही पद्धत बसवली, चाचणी १९९१ ला छापली, कौशल्यांची पुस्तिका १९९३ ला आली. भावना एकदम उसळतात आणि त्या भरात स्वतःला इजा करून घेतात अशा माणसांसाठी ती होती. तरुणपणी आपणही याच अवस्थेत हॉस्पिटलात होतो हे बाईंनी २०११ ला जाहीर सांगितलं.

नावाचा घोळ मात्र मोठा आहे. डायलेक्टिकला जुन्या मराठी लिखाणात 'विरोधविकास' म्हटलेलं सापडतं, तो शब्द मार्क्सवादाच्या चर्चेतून आला. 'द्वंद्वात्मक' जास्त रुळलाय पण ऐकणाऱ्याला द्वंद्वयुद्धच आठवतं, नवराबायकोची भांडणं सोडवणारा क्लास आहे काय असं वाटतं. व्याकरणातला द्वंद्व घेतला तर अर्थ नीट लागतो असं आमचं मत. त्यातही वैकल्पिक द्वंद्व नव्हे, 'खरेखोटे' म्हणजे खरे किंवा खोटे, तिथं एकच निवडायचं असतं. इतरेतर द्वंद्व, 'आईबाप' म्हणजे आई आणि बाप, दोन्ही पाहिजेत. डीबीटीचा गाभा हाच, मी आहे तसा मला मान्य आहे आणि मला बदलायचंही आहे. म्हणून गटात 'पण' च्या जागी 'आणि' म्हणायची सवय लावतात, कानडीत बोलणारा 'आदरे' सोडून 'मत्तु' म्हणेल, गोष्ट तीच.

गटात साधारण दोन-अडीच तास, शिकवणारे दोघं. आधी घरचा अभ्यास तपासतात मग नवीन कौशल्य. सजगता, त्रास सोसणं, भावना सांभाळणं, नात्यात बोलणं असे चार भाग, एक फेरी साधारण २४ आठवड्यांची आणि बरेचदा वर्षात दोन फेऱ्या. इथं आपली सगळी कहाणी सांगत बसायचं नसतं, स्वतःला इजा केल्याचं वर्णन तर गटात करायचंच नाही कारण दुसऱ्याची जखम उघडते, ते थेरपिस्टबरोबरच्या एकट्याच्या भेटीत बोलायचं. रोज रात्री डायरी कार्ड भरायचं, स्वतःला इजा करायची ओढ किती आली ते शून्य ते पाच, कुठलं कौशल्य वापरलं त्यावर खूण. कोरं कार्ड घेऊन यायला लाज वाटते म्हणून लोक क्लासच बुडवतात आणि नेमकी तिथंच गाडी अडते, कोरं कार्ड घेऊन आलेलं चालतं. लागोपाठ चार आठवडे चुकले तर मात्र ती फेरी संपली असं धरतात.

त्रास सोसण्यात गार पाण्याचं एक कौशल्य आहे. बादलीत गार पाणी, थोडा बर्फ, श्वास धरून वाकायचं आणि डोळ्यांपासून गालापर्यंत तोंड बुडवायचं, अर्धा मिनिट. काळजाचे ठोके मंदावतात. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारायचं.

बोलण्याच्या भागात मागणी कशी करायची ते शिकवतात, आधी जे आहे ते सांगायचं, मग आपल्याला काय वाटतं, मग स्पष्ट मागायचं, आणि समोरच्याला त्यात काय मिळेल तेही. बेळगावजवळच्या खानापूरकडची सून सासूला असं म्हणेल: "आत्या, तुमचं गुडघं दुखतंय हे दिसतंय मला, आणि घरात बसून माझा जीव गुदमरतोय. गुरुवारी क्लासला जायचं हाय, येताना तुमचं औषध घेऊन येतो." (इकडं बायकाही 'येतो'च म्हणतात.)

नुसत्या गटाचा उपयोग किती यावर वाद आहे. २०१५ ला लिनेहान यांच्याच चमूनं ९९ बायकांवर कौशल्यं शिकवणारी आणि न शिकवणारी डीबीटी यांची तुलना छापली, त्यात आत्महत्येच्या प्रयत्नांत फरक दिसला नाही, स्वतःला इजा करण्यात मात्र कौशल्य शिकवलेल्या बायकांना जास्त फायदा दिसला. आमचा कल कौशल्याच्या बाजूनं आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला जवळची मोठी सरकारी मानसिक आरोग्य संस्था म्हणजे धारवाडचं डिमहान्स. घरात मराठी, ऑफिसात कानडी, डॉक्टरपुढं हिंदी असं इकडं चालतं, तेव्हा 'मला कसंतरी होतंय' हे कुठल्या भाषेत सांगायचं ते पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. जीवावर बेतलं असेल तर गटाची वाट बघत बसू नये, टेली-मानस या सरकारी फोन मदतसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.