वाचायचा कागद आणि मोजायचा कागद

इंटरनेटवरून ब्लाउजचं पेपर कटिंग उतरवून घेतलं, घरच्या प्रिंटरवर छापलं, पानं जोडून चिकटवली, कापड बेतलं आणि शिवलं. अंगात घालून पाहिलं तर छातीत घट्ट! मापं नीट घेतली होती, कटिंग काढणाऱ्यानंही काही चुकवलं नव्हतं. घोळ झाला तो प्रिंटची आज्ञा देताना.

प्रिंट म्हटल्यावर जी चौकट उघडते, तिच्यात 'फिट टू पेज' हा पर्याय बऱ्याचदा आधीच निवडलेला असतो. त्याचा अर्थ, पानावरचं सगळं कागदाच्या छापण्याजोग्या भागात बसेल इतकं लहान करा. हा छापण्याजोगा भाग पूर्ण कागदापेक्षा थोडा लहान असतो, कारण घरगुती प्रिंटर सहसा कडेपर्यंत छापत नाहीत. इंकजेटमध्ये कागदाची कड रुळांनी धरून ठेवावी लागते. लेझरमध्ये टोनर, म्हणजे शाईची पूड, तापवून कागदावर पक्का करतात. पुढच्या कडेपर्यंत टोनर असेल तर कागद त्या गरम रुळाला चिकटून गुंडाळला जाण्याची भीती असते. म्हणून साधारण 3 ते 6 मिलिमीटरची कोरी पट्टी चारी बाजूंनी सुटते. ए4 कागदाची रुंदी 210 मिलिमीटर. दोन्हीकडचे चार-चार सोडले तर उरतात 202, म्हणजे सुमारे 96 टक्के.

36 इंच छातीच्या ब्लाउजमध्ये चौथा भाग 9 इंचांचा. 96 टक्क्यांवर तो 8.64 इंच होतो. एका भागात एक तृतीयांश इंचाचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण चार भाग जोडले की जवळजवळ दीड इंच कमी पडतो.

म्हणून छापण्याआधी एकच प्रश्न विचारावा असं मला फार वाटतं: हा कागद वाचायचा आहे की मोजायचा? पत्र, लेख, फॉर्म, वेळापत्रक हे वाचायचे कागद; ते थोडे लहानमोठे झाले तरी बिघडत नाही. कपड्याचं कटिंग, ऑनलाइन चप्पल घेण्याआधी पायाचं माप घ्यायचा तक्ता, अंगठीचं माप, कागदी घराचे साचे, छापील कोनमापक हे मोजायचे कागद. यांना 'अ‍ॅक्चुअल साइज' किंवा 100 टक्के, दुसरं काही नाही. (कोनमापकाला खरं तर माफी आहे. आकार सगळीकडून सारखाच लहान झाला तर कोन बदलत नाहीत. पण त्याच्या तळाशी पट्टी छापलेली असेल तर ती मात्र चुकीची होते.)

चांगल्या कटिंगच्या पहिल्या पानावर तपासणीचा एक चौरस असतो, पाच किंवा दहा सेंटिमीटरचा. आधी तेवढं एकच पान छापून तो मोजावा, आणि तोही स्टीलच्या पट्टीनं. शिंप्याची टेप वापरून वापरून ताणलेली असते. पाच सेंटिमीटरच्या चौरसात 96 टक्क्यांमुळे जेमतेम दोन मिलिमीटर जातात, नजर सहज चुकते. म्हणून मोठी रेघ मोजणं बरं. चौरस नसेल तर कटिंगवर लिहिलेलं सर्वांत लांबचं माप धरावं. आणि चारी बाजूंची कोरी पट्टी पाहून घाबरू नये: पानांच्या जोडखुणा त्या पट्टीत न जाता छापलेल्या भागात आहेत ना, एवढंच पाहावं.

आता वाचायच्या कागदांकडे. इथे ए4 च्या घराण्यात जन्मलेल्याला मोठं सुख आहे. ए3 अर्धा दुमडला की ए4, ए4 अर्धा दुमडला की ए5, आणि प्रत्येक वेळी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. कुठल्याही आयताला हे जमत नाही. लांबी भागिले रुंदी म्हणजे 'प्र' धरा. कागद अर्धा केला की जुनी रुंदी ही नवी लांबी होते आणि जुन्या लांबीचा अर्धा ही नवी रुंदी. नवं प्रमाण येतं 2 भागिले प्र. ते जुन्याइतकंच हवं असेल तर प्र गुणिले प्र बरोबर 2. म्हणजे प्रमाण दोनाचं वर्गमूळ, 1.414. ए4 चे 297 भागिले 210 करून पाहा, 1.4143 येतात.

हे हातानंही पडताळता येतं. ए4 कागदाचा एक कोपरा असा दुमडा की आखूड कड लांब कडेवर बरोबर टेकेल. जी तिरकी घडी पडते तो 210 मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण. दुसऱ्या कागदाची लांब कड त्या घडीवर ठेवा: टोकाला टोक जुळतं. चौरसाच्या कर्णावर दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस उभा राहतो हे आपल्याकडे शुल्बसूत्रांत वेदी आखण्यासाठी सांगितलेलं आहे. झेरॉक्स मशीनवर 141 टक्के आणि 71 टक्के हे आकडे तयार ठेवलेले असतात, तेही यामुळेच. 141 टक्के केलं की क्षेत्रफळ दुप्पट, 71 टक्के केलं की निम्मं. टक्केवारी लांबीची असते, क्षेत्रफळाची नाही, हे विसरलं की माणूस ए4 चं ए5 करायला 50 टक्के टाकतो आणि कागदावर पोस्टाच्या पाकिटाएवढा मजकूर येतो.

ही कल्पना बरीच जुनी. जर्मनीतल्या गटिंगेनचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग यांनी 25 ऑक्टोबर 1786 रोजी योहान बेकमन यांना लिहिलेल्या पत्रात या प्रमाणाचे गुण सांगितले होते. जर्मनीत वाल्टर पोर्स्टमान यांच्या कामातून 1922 मध्ये ते राष्ट्रीय मानक झालं, आणि 1975 मध्ये आंतरराष्ट्रीय. त्यात ए0 चं क्षेत्रफळ एक चौरस मीटर धरलं आहे. ए4 त्याचा सोळावा भाग, म्हणून 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम) एक ए4 कागद बरोबर पाच ग्रॅमचा आणि पाचशे कागदांचं रीम अडीच किलोचं.

अडचण येते घराण्याबाहेरच्या कागदांशी. अमेरिका आणि कॅनडात 'लेटर' चालतो: 216 बाय 279 मिलिमीटर, ए4 पेक्षा किंचित रुंद आणि बऱ्यापैकी बुटका. तिकडे राहणाऱ्या मुलानं पाठवलेला फॉर्म इकडे ए4 वर छापायचा तर रुंदी आडवी येते. 97 टक्के केलं की बसतो, आणि वरखाली मिळून अडीच सेंटिमीटर जागा मोकळी राहते. उलट, इथला ए4 तिकडे लेटरवर छापायचा तर उंची अडते आणि 94 टक्क्यांवर यावं लागतं. म्हणून दोन्हीकडे विकलं जाणारं कटिंग काढणारे हुशार लोक ए4 ची रुंदी आणि लेटरची उंची एवढ्याच मर्यादेत चित्र बसवतात. मग कुणालाच काही लहान करावं लागत नाही.

आपल्याकडचा दुखरा कागद म्हणजे लीगल, 216 बाय 356 मिलिमीटर. वकिलाकडून भाडेकराराचा मसुदा लीगलवर येतो, घरात ए4 चं रीम असतं. उंची बसवायला 83 टक्के करावं लागतं. 12 पॉइंटचं अक्षर 10 पॉइंटचं होतं आणि दोन्ही बाजूंना मोठे समास सुटतात. घरी वाचून पाहायला हे ठीक. दाखल करायचा कागद असेल तर लीगल कागदच आणावा: बहुतेक घरगुती प्रिंटर तो घेतात, कारण रुंदी ए4 पेक्षा फक्त सहा मिलिमीटर जास्त आहे. मात्र प्रिंटरच्या चौकटीतही कागदाचा आकार लीगल निवडायला हवा, नाहीतर खालच्या चार ओळी गायब. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ए4 आणि दोन्ही बाजूंची छपाई स्वीकारली, हे मला फार शहाणपणाचं पाऊल वाटतं.

लहान करण्याला तळ असतो, आणि देवनागरीत तो रोमनपेक्षा लवकर लागतो. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. त्या सगळ्यांना जागा द्यायची म्हणून 12 पॉइंटच्या देवनागरीत मुख्य अक्षराचा भाग मुळातच लहान असतो. ते 71 टक्क्यांवर नेलं की 'द्ध' आणि 'द्व' सारखे दिसू लागतात. साध्या 70 जीएसएमच्या कागदावर इंकजेटची शाई जराशी पसरते, आणि 'ष्ट्र'च्या पोटातली पांढरी जागा भरून जाते. एका कागदावर चार पानं छापली तर अक्षर निम्मं होतं. मराठी मजकुराला मी ती शिक्षा देणार नाही.

त्यापेक्षा मूळ फाइल हाताशी असेल तर पानाचा आकारच बदलावा. वर्डमध्ये कागद ए5 केला की मजकूर नव्या पानावर पुन्हा वाहतो. अक्षर तेवढंच राहतं, पानं वाढतात. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची जागा ठरून गेलेली असते, म्हणून तिथे सगळं पान एकदम लहान किंवा मोठं करण्याखेरीज फारसं काही करता येत नाही. पण मोठं करायला पीडीएफ उत्तम, कारण तिच्यात अक्षरं बहुधा वक्ररेषांच्या रूपात असतात आणि कितीही ताणली तरी कडा धारदार राहतात. आजीसाठी आरत्यांची ए5 पुस्तिका 141 टक्क्यांनी ए4 वर काढली तर 10 पॉइंटचं अक्षर 14 चं होतं. यासारखं समाधान देणारं काम प्रिंटरकडून दुसरं नसेल.

फोटोचं तसं नाही. त्यात ठिपके मोजकेच असतात. ए4 भर स्वच्छ छपाईला इंचाला 300 ठिपके धरले तर 2480 बाय 3508 लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर दाबून आलेल्या फोटोत तेवढे सहसा नसतात. कुणी कागदाचा फोटो पाठवणार असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं.

आणि मोठ्या कागदाचं लहान पुस्तक करायचं असेल तर प्रिंटच्या चौकटीत 'बुकलेट' शोधावं. आठ पानांची पुस्तिका दोन ए4 कागदांवर होते: पहिल्याच्या एका बाजूला 8 आणि 1, मागे 2 आणि 7, दुसऱ्यावर 6 आणि 3, मागे 4 आणि 5. पानांची संख्या चारच्या पटीत हवी. दोन्ही बाजूंना छापताना 'शॉर्ट एज'वर उलटवायला सांगावं, नाहीतर मागची पानं डोक्यावर उभी राहतात. प्रिंटर आपोआप उलटवत नसेल तर एका कोऱ्या कागदावर पेन्सिलनं बाण काढून तो कसा बाहेर येतो ते आधी पाहावं. चाळीस पानांच्या पुस्तिकेत दहा कागद एकात एक बसतात, आणि घडीच्या जाडीमुळे सर्वांत आतला कागद बाहेरच्यापेक्षा सुमारे एक मिलिमीटर पुढे येतो. म्हणून बाहेरच्या कडेचा समास थोडा सैल ठेवावा, आधी मधोमध स्टेपल मारावं आणि मगच कटरनं कड सारखी करावी.