सीआरसी आणि स्टॉम्प्ड सीआरसी: केबल उपसण्याआधी

बेळगावच्या उद्यमबागेतले कारखाने असोत की निपाणी-चिकोडीकडच्या कॉलेजांच्या सर्व्हर रूम, एकच वाक्य ऐकून कान किटलेत: "सर, केबल बदललो, तरी सीआरसी वाढतोच." सीआरसी म्हणजे पोर्टवर बिघडून आलेल्या फ्रेमचा, म्हणजे डेटाच्या पुडक्यांचा, आकडा. केबल झाली, ट्रान्सीव्हर (केबलच्या टोकाचा सिग्नल पाठवणारा-घेणारा भाग) झाला, आता स्विचच परत पाठवायची भाषा सुरू. अरे, आकडा या पोर्टवर दिसतो म्हणजे दोषही इथेच, हे ठरवलं कुणी?

साधा सीआरसी तुम्हाला ठाऊक आहे. फ्रेमच्या शेवटी 4 बाइटचा एफसीएस, म्हणजे तपासणीचा आकडा, असतो. घेणाऱ्याचा हिशेब त्याच्याशी जुळला नाही की काउंटर वाढतो. कारणंही नेहमीचीच: मळलेला फायबर, दुमडलेली डीएसी (टोकाला जोडणी बसवूनच येणारी तांब्याची) केबल, दमलेला ट्रान्सीव्हर. डिस्कार्ड, म्हणजे स्विचने टाकून दिलेल्या फ्रेमचा आकडा, वेगळा. त्यात फ्रेम धडधाकट असते, बफरमध्ये जागा नसते. त्यासाठी केबलला हातसुद्धा लावू नका.

खरी गफलत स्टॉम्प्ड सीआरसीची. साधा ॲक्सेस स्विच (पीसी-प्रिंटर जोडतो तो) अख्खी फ्रेम घेतो, तपासतो, मगच पुढे पाठवतो. बिघडलेली फ्रेम तिथेच संपते. म्हणून 'ज्या पोर्टवर सीआरसी, त्याच पोर्टची केबल' हा नियम तिथे चालतो, आणि आपण सगळे त्याच स्विचवर शिकलो. डेटा सेंटरमधले बरेचसे वेगवान स्विच मात्र कट-थ्रू चालतात. 10 जीबीपीएसला 1518 बाइटची फ्रेम पूर्ण आत यायला साधारण 1.2 मायक्रोसेकंद लागतात. तेवढंही थांबायचं नाही, म्हणून पत्ता वाचला की फ्रेम पुढे सुटते. एफसीएस बिचारा शेपटाला! समजा कोगनोळी नाक्यावर ट्रकचं तोंड पलीकडे गेलं आणि मग मागचा माल सडका दिसला. आता ट्रक मागे ओढता येत नाही, पण मागच्या फळीवर खडूने फुली मारता येते. स्विच तेच करतो. जाता जाता एफसीएस मुद्दाम चुकीचा लिहितो, म्हणजे पुढे कुणी ती फ्रेम चांगली समजून घेऊ नये. याला म्हणायचं स्टॉम्प.

पुढचा स्विचही कट-थ्रू असला तर फुलीसकट फ्रेम आणखी पुढे. म्हणजे मळलेला फायबर एका लीफवर (सर्व्हर जोडलेला स्विच), आणि आकडे वाढतायत स्पाइनवर (लीफ एकमेकांना जोडणारा मधला स्विच) आणि तिसऱ्याच लीफवर. बिघडलेली फ्रेम ब्रॉडकास्ट असली तर विचारूच नका, दहा पोर्ट एकदम तांबडे. अशा वेळी दहा केबल बदलणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

ओळखायचं कसं? आधी काउंटर क्लिअर करा. वर्षभर साचलेल्या आकड्यांचा स्क्रीनशॉट मला कृपा करून पाठवू नका. अनेक नव्या स्विचमध्ये स्टॉम्प्ड सीआरसीचा रकाना वेगळा असतो. सीआरसी आणि स्टॉम्प्ड जोडीने वाढत असतील तर ही लिंक निर्दोष आहे. केबलच्या दुसऱ्या टोकाच्या स्विचवर जा. तिथे याच लिंकवर आउटपुट एरर दिसतील, आणि दुसऱ्या कुठल्या तरी पोर्टवर इनपुट सीआरसी. असं मागे मागे जात राहा. जिथे सीआरसी वाढतो पण स्टॉम्प्ड शून्यावर आहे, ती लिंक धरा. तिथेही आधी रिसीव्ह पॉवर (पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा, फायबरचं टोक पुसा, केबल सगळ्यात शेवटी. फाउंड्रीची धूळ उडते तिथे पुसण्यानेच बहुतेक वेळा काम भागतं.

मंद पोर्टवरून जलद पोर्टवर, म्हणजे 10 वरून 100 जीबीपीएसवर जाताना, स्विचला फ्रेम आधी साठवावीच लागते. मग बिघडलेली फ्रेम तिथेच अडते आणि माग तेवढ्यापुरता छोटा होतो.

आणखी एक, हे फार जणांना माहीत नसतं. काही कट-थ्रू स्विच एमटीयूपेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या कमाल मापापेक्षा, मोठी फ्रेम कापतात आणि उरलेल्या तुकड्याला स्टॉम्प करून पुढे सोडतात. सर्व्हरवर 9000 बाइटचा जंबो (मोठ्या फ्रेमचा एमटीयू) लावला आणि वाटेतला एकच स्विच 1500 वर राहिला, की त्याच्या पुढच्या स्विचवर सीआरसी सुरू. इथे बदलायची ती कॉन्फिगमधली एमटीयूची ओळ.