'मॉस्किटो पुन्हा उडणार नाही' हा समज चुकीचा आहे

दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे ब्रिटिश लढाऊ विमान लाकडी होतं, लाकूड कुजलं, म्हणून ते आता उडणं अशक्य, असं अजूनही सांगितलं जातं. उडत्या अवस्थेतलं शेवटचं मॉस्किटो 1996 मध्ये इंग्लंडमध्ये कोसळल्यावर तर हे पक्कंच मानलं गेलं. पण सप्टेंबर 2012 मध्ये न्यूझीलंडच्या आर्डमोरहून केए114 क्रमांकाचं मॉस्किटो उडालं!

लाकूड कुजतं हे खरंच. केए114 कॅनडातल्या एका शेतावर कित्येक वर्षं उघड्यावर पडून होतं. पण खरी अडचण साच्यांची होती. मॉस्किटोचं धड दोन उभ्या अर्ध्या भागांत बनायचं: बर्च प्लायवूडच्या थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड, सगळं साच्यावर दाबून चिकटवलेलं. मग आतल्या तारा-नळ्या बसवून दोन्ही भाग जोडायचे. युद्धकाळातले साचे हाताशी नव्हते. न्यूझीलंडचे कारागीर ग्लिन पॉवेल यांनी वर्षानुवर्षं खपून ते नव्याने घडवले. माझ्या मते या यशाचं मोठं श्रेय त्यांचंच. चिकटवायला इपॉक्सी हा आधुनिक गोंद वापरला. मॉस्किटोची मर्लिन इंजिनं मिळवणं त्यामानाने सोपं, कारण ती इतर विमानांतही होती आणि ती सांभाळणारे कारागीर आजही आहेत.

म्हणजे लाकडी सांगाडा बराचसा नवा. मूळ विमानाचे धातूचे भाग मात्र शक्य तिथे दुरुस्त करून पुन्हा बसवले जातात.