रक्तातून डोळ्यात उतरणारा संसर्ग : पार्श्वभूमी

‘डोळा आलाय’ म्हणत मेडिकलमधून थेंब आणायचे, ही सोलापूरची जुनी सवय. साथीत ते खपून जातं. पण शुगर असलेल्या माणसाच्या यकृतात गळू किंवा पायाला चिघळलेली जखम असेल, अंगात ताप असेल आणि एका डोळ्याची नजर अचानक धूसर झाली, तर तो डोळा ‘आलेला’ नसतो. जंतू रक्तातून आत उतरलेले असतात. कधीकधी बुबुळाच्या खालच्या कडेला पुवाचा पांढरा थर बसलेला दिसतो. थेंब डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत पोचतच नाहीत.

प्रतिजैविकांच्या आधी असे डोळे मेंदूज्वरात आणि बाळंतज्वरात जात. १९८६ मध्ये तैवानमधून यकृताच्या गळूशी जोडलेले रुग्ण नोंदले गेले, त्यानंतर मधुमेहाशी असलेलं नातं ठळक झालं. पुढे आयसीयू वाढले, मानेतल्या शिरेत घातलेल्या नळ्या दिवसेंदिवस राहू लागल्या आणि त्यांच्या वाटेने कँडिडा ही बुरशी रक्तात शिरू लागली. (२०२१ ची ‘काळी बुरशी’ वेगळी, ती बहुतेकदा नाकाशेजारच्या पोकळ्यांतून डोळ्याच्या खोबणीत शिरत होती.)

खरा वाद इथेच आहे. रक्तात कँडिडा सापडलेल्या प्रत्येकाचे डोळे तपासायचे का? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांनी सांगितलं, सगळ्यांचे तपासा, पहिल्या आठवड्यातच. २०२१ मध्ये तिथल्याच नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं, सरसकट नको; डोळ्याच्या आत खरा पू होणारे १ टक्क्याहून कमी, आणि तपासणीपायी नको ती इंजेक्शनं डोळ्यात जातात. तक्रार असेल त्याचाच डोळा बघा.

आकडा खरा आहे. पण तक्रार करणार कोण? बार्शी, अक्कलकोट किंवा विजयपूरहून सोलापुरात आणलेला, व्हेंटिलेटरवर गुंगीत पडलेला माणूस ‘मला धूसर दिसतंय’ असं सांगू शकत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून, डोक्यावर दिवा बांधून खाटेशेजारीच डोळ्याच्या आतला पडदा बघता येतो. पडद्यावर कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर उपचारच बदलतात. कारण रक्तातल्या कँडिडासाठी आज सर्वांत आधी दिली जाणारी औषधं डोळ्याच्या आत नीट पोचत नाहीत. रक्त साफ झाल्यावर दोन आठवड्यांत थांबणारं औषध मग निदान ४ ते ६ आठवडे चालवावं लागतं. डोळाच बघितला नाही, तर हे ठरवायचं कशावरून?