तीन लिटर, सहा सिलिंडर: मर्सिडीज ३०० एसएल आणि होंडा एनएसएक्स

१९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल कूपे आणि १९९० ची होंडा एनएसएक्स यांच्या इंजिनांच्या आकारमानात फरक फक्त १९ सीसीचा. जर्मन इंजिन २,९९६ सीसीचं, जपानी २,९७७ चं, आणि दोन्हींत सहा सिलिंडर. ताकद मात्र २१५ वरून २८० अश्वशक्तीवर गेली, तीही टर्बो न लावता. गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ज्या नव्या तंत्राने गाडीचं नाव झालं, त्यावर आज बरेचदा बारीक लक्ष ठेवावं लागतं.

३०० एसएलमध्ये बॉशचा यांत्रिक पंप पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतो. हा पंप इंजिनच्याच जोरावर फिरतो. किल्ली बंद केली की ठिणगी थांबते. पण इंजिन पुरतं थांबेपर्यंत फवारा चालूच राहतो. हे न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. ड्राय संपमुळे, म्हणजे ऑइल इंजिनच्या तळाशी न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवल्यामुळे, ऑइलचा साठा मोठा, शिवाय मोठा ऑइल कूलर. त्यामुळे जवळच्या फेरीत ऑइल पुरेसं तापतच नाही आणि पेट्रोल उडून जात नाही. म्हणूनच दर १,६०० किलोमीटरला ऑइल बदलावं लागतं. ऑइल न घालताही पातळी वाढलेली दिसली किंवा डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर तेवढीही वाट पाहू नये. गाडी काढली की लांबच फिरवावी.

मागच्या स्विंग अॅक्सलचा, म्हणजे मधल्या सांध्यापासून चाकासकट वर-खाली झुलणाऱ्या अॅक्सलचा, धोका वेगळा. वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग उचलला जातो, चाकं आत दुमडतात आणि शेपूट बाहेर फेकली जाते. १९५७ च्या रोडस्टरमध्ये (उघड्या टपाच्या ३०० एसएलमध्ये) अॅक्सलचा सांधा खाली आणून हा दोष बराच कमी केला.

एनएसएक्समध्ये पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे कनेक्टिंग रॉड टायटेनियमचे आहेत. ते हलके असल्याने इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत जातं. रॉड सहसा त्रास देत नाहीत. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा रबरी टायमिंग बेल्ट मात्र तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. गाडी नुसती उभी असली तरी रबर जुनं होतंच. त्यामुळे किलोमीटर कमी झाले म्हणून बेल्टची मुदत वाढत नाही. बेल्टसोबत वॉटर पंपही बदलून घ्यावा, कारण त्यासाठी इंजिनचा तोच भाग उघडावा लागतो.

सुरुवातीच्या काही मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये बेअरिंग धरून ठेवणाऱ्या स्नॅप रिंगची खाच जास्त रुंद कापली गेली होती. रिंग हलते, तुटते आणि तिचे तुकडे गिअरमध्ये जातात. १९९१-९२ ची गाडी असेल तर गिअरबॉक्सचा क्रमांक जे४ए४-१००३५४२ ते १००५९७८ यांच्या दरम्यान आहे का, हे व्यवहाराआधी पाहावं. असेल, तर हाउसिंग (गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच) बदलल्याचं बिल मागावं.

बॉडीचं कामही नीट तपासावं. एनएसएक्सची सगळी बॉडी अॅल्युमिनियमची, तर ३०० एसएलचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण असे काही भाग अॅल्युमिनियमचे, बाकी बहुतेक पोलाद. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं आणि रंगाखाली फोड येतात. पोलादावर वापरलेला ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश एनएसएक्सवर चालवला, तर लोखंडाची भुकटी पत्र्यात रुतते आणि पुढे तिथेच फोड धरतात. त्यासाठी हत्यारं वेगळी ठेवणारं गॅरेजच निवडावं.